खारीच्या शोधाच्या नोंदी (सातारा, नोव्हेंबर २०२४)

रोज रात्री वहीत जे खरडत होतो ते थोडं साफ करून इथे उतरवतोय. चुका काढलेल्या नाहीत. कुणाचं कुत्रं हरवलंच तर निदान याच चुका पुन्हा करून दिवस घालवू नयेत, एवढाच हेतू.

खारी म्हणजे आमची गावठी कुत्री. वय साधारण चार, वजन साडेसतरा किलो, रंग बेकरीतल्या खारीचा, म्हणून आईने ठेवलेलं नाव. पुढचा उजवा पाय घोट्यापर्यंत पांढरा, शेपटीचं टोक पांढरं, जिभेवर एक काळा डाग. आम्ही राहतो शाहूनगरला, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी.

१ नोव्हेंबर, शुक्रवार, लक्ष्मीपूजन

सातला पूजा झाली. लक्ष्मी यावी म्हणून दार उघडं, फाटकही उघडं. खारी नेहमीसारखी दिवाणाखाली दडून बसलेली. पावणेआठला कोपऱ्यावर कुणीतरी सुतळी बॉम्ब लावला. ती दिवाणाखालून जी सुटली ती आईच्या पायावरून, रांगोळीतून, थेट फाटकाबाहेर. मी चपला शोधेपर्यंत गल्लीत नुसता धूर.

खरी चूक कालची. काल पहिली अंघोळ. घरातल्या सगळ्यांची झाल्यावर आईने खारीलाही कोमट पाण्याने धुतलं. पट्टा भिजू नये म्हणून मी तो काढला आणि न्हाणीतल्या खिळ्याला अडकवला. पट्ट्याला बिल्ला आहे, बिल्ल्यावर माझा नंबर आहे. हे लिहितोय तेव्हाही तो खिळ्यालाच लटकतोय.

शेजारचा मुलगा म्हणाला, "काका, तिला चिप आहे ना? मग मोबाइलवर दिसेल की." बऱ्याच जणांचा असा समज असतो. चिप तांदळाच्या दाण्याएवढी असते, तिला बॅटरी नसते आणि ती ठिकाण वगैरे काही सांगत नाही. कुत्रं कुणाच्या हाती लागलं, त्याने ते डॉक्टरकडे नेलं आणि डॉक्टरने मानेवरून यंत्र फिरवलं, तर पंधरा आकडी नंबर दिसतो. बास.

रात्री दीडपर्यंत फिरलो. मी, बायको, शेजारचे काका आणि त्यांची दोन मुलं. अमावस्येचा अंधार, टॉर्च दोनच, आणि फटाके थांबायला तयार नाहीत. सगळे उताराला गोडोलीकडे गेलो, कारण रस्ता तिकडे जातो. कुत्रं रस्त्याने कशाला जाईल, हा विचार पाचपैकी एकाच्याही डोक्यात आला नाही.

२ नोव्हेंबर, शनिवार, पाडवा

पहाटे साडेपाचला एकटाच निघालो. गल्लोगल्ली "खारी! खारीऽऽ!" अशा हाका मारत. तिसऱ्या गल्लीत एका घराचं दार उघडलं, एक आजी डबा घेऊन बाहेर आल्या. "पाव किलो दे. आणि बटर आजचं आहे का कालचं?"

तेव्हा हसू आलं नाही. पण त्यांना सगळं सांगितलं, आणि नऊ वाजेपर्यंत त्या अख्ख्या गल्लीला खारीचा उजवा पाय कसा आहे ते पाठ झालं होतं. ओवाळणीआधी त्यांच्या सुनेने बिनवापराची गच्ची बघितली, एकाने पाण्याच्या टाकीमागे बघितलं.

झेरॉक्सचं दुकान मुहूर्तापुरतं उघडलं तेवढ्यात १५० पत्रकं काढून घेतली, दोन रुपयाला एक. घाईत काळी-पांढरी काढली. खारीची सगळी ओळख तिच्या रंगात, आणि पत्रकावर आलं एक करडं कुत्रं. फोटोही चुकीचा निवडला होता, मुलीच्या वाढदिवसाला डोक्यावर टोपी घातलेला. वर मोठ्या अक्षरात "शोधून देणाऱ्यास ५००० रुपये".

दुपारी खांबांवर चिकटवली. हे आणखी एक. विधानसभेची निवडणूक २० तारखेला, आचारसंहिता लागलेली. खांबावर जो कागद दिसेल तो काढणं चालू होतं. खांबावर परवानगीशिवाय काही लावायचं नसतंच म्हणा, तेव्हा तक्रार कुणाची करणार. संध्याकाळपर्यंत बहुतेक गेली होती.

३ नोव्हेंबर, रविवार, भाऊबीज

आदल्या रात्री सगळ्या व्हॉट्सअॅप गटांवर फोटो गेला होता. आज ४१ फोन आले. वहीतला हिशोब असा: १७ जणांनी "सापडली का?" एवढंच विचारलं, ९ जणांनी सल्ला दिला (त्यातल्या दोघांनी देव सांगितले), ३ जणांना त्यांच्याकडची पिल्लं द्यायची होती, ११ जणांना "तसंच कुत्रं" दिसलं होतं. उरलेला एक फोन खाली लिहितो.

त्या अकरांपैकी चार पोवई नाक्याचे आणि तीन एसटी स्टँडचे. बहीण ओवाळायला ताट घेऊन थांबली आणि मी पाच तास नाक्यावर. दोन्हीकडे खारीच्या रंगाची कुत्री होती, दोन्ही वेगळी. एकाच्या डाव्या कानाला खाच होती. नसबंदी करून सोडलेल्या भटक्या कुत्र्याचा कान असा कापलेला असतो. खारीची शस्त्रक्रिया खाजगी दवाखान्यात झालीय, कान शाबूत आहे. ही एक गोष्ट आधी फोनवर विचारली असती तर एक फेरी वाचली असती.

आता तो फोन. "तुमच्या कुत्रीला गाडीने ठोकलंय, मी दवाखान्यात नेलीय, डॉक्टर पैशांशिवाय हात लावत नाहीत, दोन हजार टाका." माझ्या हाताला कापरं भरलं. हजार पाठवले, मग फोटो मागितला. आला तो आमच्याच पत्रकातला, कापून. पुन्हा लावला तर फोन बंद. बायको म्हणाली, "जिभेवर काय आहे, एवढं विचारायचं होतंस." तो काळा डाग पत्रकात लिहायचा राहून गेला होता. आता मुद्दाम लिहायचा नाही असं ठरवलं. जो फोन करील त्याला तोच प्रश्न.

४ नोव्हेंबर, सोमवार

ऑफिसला रजा टाकली. भटक्या कुत्र्यांना रोज रात्री जेवण घालणाऱ्या एक ताई आहेत, त्यांच्याकडे आईने मला जवळजवळ ढकलत नेलं. ताईंनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि चांगलं झापलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: फटाक्याला भ्यालेलं कुत्रं चौकात, नाक्यावर, माणसांत थांबत नाही. ते आडोसा धरतं. दिवसा दडून राहतं आणि पहाटे किंवा रात्री, सगळं शांत असताना पाण्याला बाहेर पडतं. दोन-तीन दिवसांनी ते मालकालाही ओळख देईनासं होतं. दिसलं तर हाक मारायची नाही, डोळ्यात बघायचं नाही, मागे तर मुळीच जायचं नाही. खाली बसायचं.

मी मान डोलावली. ती नुसतीच डोलावली होती हे गुरुवारी कळलं.

त्यांनी विचारलं, "पहाटे तुमच्या भागात बाहेर कोण असतं?" आम्ही यादी केली. दूधवाले, पेपरवाला, घंटागाडीवरची माणसं, किल्ल्यावर फिरायला जाणारे, वॉचमन, उतारावर गवत कापायला जाणाऱ्या बायका. यातल्या निम्म्या लोकांपर्यंत माझा मेसेज पोचण्याची शक्यताच नव्हती.

दुसरं पत्रक केलं. रंगीत, उभा फोटो, पांढऱ्या पायाला गोल केलेला. वर "हरवली आहे. पकडू नका, फक्त फोन करा", खाली नंबर. बक्षिसाचा आकडा काढून टाकला. फ्लेक्सवाल्याकडे गेलो होतो, पण त्याचं मशीन उमेदवारांच्या चेहऱ्यांनी भरलेलं. "चार दिवसांनी या." मग सायबर कॅफेतून १२ रुपयाला एक अशा ६० प्रती काढल्या. खांबावर एकही नाही. सगळ्या हातात द्यायच्या.

५ नोव्हेंबर, मंगळवार

पहाटे पावणेसहाला 'चार भिंती' स्मारकाकडे जाणाऱ्या रस्त्यावर उभा. किल्ल्यावर जाणारे साताऱ्यात कमी नाहीत, तासाभरात २५ पत्रकं संपली. दोघातिघांनी आपणहून वाटा वाटून घेतल्या, कोण मंगळाईच्या देवळाकडे बघेल, कोण टॉवरच्या बाजूला. दूधवाल्यांना कॅन उतरवताना गाठलं. पेपरवाला म्हणाला, "एक मला द्या, पोरांना दाखवतो. पेपरात घालून नको, लोक झटकून टाकतात."

दिवसभरात फोन सहा. एकही कामाचा नाही. ऑफिसला गेलो.

६ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी सातला पेपरवाल्याचा फोन. त्याच्या पोराने पत्रक गवतवाल्या बायकांना दाखवलं, त्यातली एक म्हणते बघितलंय.

संध्याकाळी त्या मावशींच्या घरी गेलो. पावसाळा संपला की उतारावरचं गवत वाळतं, ते कापून भारे विकायला आणतात. मोबाइल आहे, पण तो मुलाकडे असतो. त्यांनी पत्रक हातात धरून नीट पाहिलं.

"हीच. परवाच्याला बगितली, आन आज बी. वरच्या अंगाला कातळाखाली कपार हाय, तितं पडून असती. मी भाकरीचा तुकडा टाकला तर आली न्हाय, आमी निगाल्यावर खाल्ला."

"पाय पाहिलात का?"

"मोजा घातल्यागत हाय की. उजव्या पायात."

"आणि जीभ?"

"आता जीब कशी बगू मी? ती काय माज्याम्होरं आ करून बसली व्हय?"

कपार आमच्या घरापासून सरळ रेषेत एक किलोमीटरही नसेल. आणि मी पाच दिवस उताराला.

मी लगेच निघणार होतो. मावशींच्या मुलाने अडवलं, अंधारात तिकडे जायचं नाही, बिबट्या फिरतो. खाली रस्त्यावर वनरक्षक भेटले, तेही हेच म्हणाले: उजाडल्याशिवाय वर नाही, एकट्याने तर नाहीच. रात्रभर झोप लागली नाही. बिबट्याला कुत्रं किती सोपं, ते आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही.

७ नोव्हेंबर, गुरुवार

सगळ्यात मोठी चूक आज.

पावणेसातला मावशी, त्यांचा मुलगा आणि मी वर. मावशींनी लांबूनच बोट केलं. कपारीच्या तोंडाशी खारी. पोट आत गेलेलं, कान मागे. सहा दिवसांनी दिसली, आणि माझ्या तोंडून आपोआप मोठ्याने निघालं, "खारीऽ! ये बाळा, ये!"

तिने माझ्याकडे पाहिलं. ओळख नव्हती त्या नजरेत. उठली आणि पळाली. मी मागे धावलो. वाळक्या गवतावरून पाय सटकला, गुडघा फुटला, टॉर्च कातळावर आपटून गेली. ती वळसा घालून दक्षिणेकडच्या झाडीत शिरली.

मावशी भारा बांधता बांधता म्हणाल्या, "बशीवलं हुतं जाग्याव, तुमीच उठिवलं."

ताईंना सांगायची लाज वाटत होती, पण सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "आता दोन दिवस तिकडे कुणी जायचं नाही. तुम्ही तर नाहीच." फिरायला येणाऱ्यांपैकी दोघांनी उत्साहाने पंधरा जणांची टोळी करून घेरायचं ठरवलं होतं, त्यांना हात जोडून थांबवलं. पंधरा माणसं बघून ती शेंद्र्याच्या बाजूला उतरली असती, मग हायवे.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

मी गेलो नाही. मावशींच्या मुलाने कपारीपासून वीसेक पावलांवर परातीत भात आणि उकडलेली कलेजी ठेवली, शेजारी पाणी आणि माझा तीन दिवस वापरलेला, न धुतलेला शर्ट.

कुणी खाल्लं हे कळावं म्हणून कॅमेरा लावायची कल्पना होती. पण भाड्याने मिळेना, विकत घ्यायला दहा-बारा हजार. आईने दिवाळीतली उरलेली पांढरी रांगोळी काढून दिली, अडीच किलो. परातीभोवती हातभर रुंदीचं कडं करून जाड थर पसरला. वारा नव्हता हे नशीब.

९ नोव्हेंबर, शनिवार

परात चाटून पुसून साफ. रांगोळीत ठसेच ठसे, मुलाने फोटो पाठवले. आधी बिबट्याचा संशय फिटवला: प्रत्येक ठशात नखांच्या खुणा होत्या. बिबट्या नखं आत ओढून चालतो, त्याच्या ठशात नखं उमटत नाहीत. म्हणजे कुत्री. पण निदान तीन वेगळी, आणि दोन खारीपेक्षा मोठ्या पायांची. वस्तीवरच्या टोळीला मी मटणखानावळ उघडून दिली होती.

मग परात वर हलवली, कपारीच्या अगदी तोंडाशी. कलेजी बंद केली, कारण वास लांब जातो. त्याऐवजी नुसता दहीभात, जो वस्तीवरची कुत्री फारसा खात नाहीत आणि आमचं ध्यान आवडीने खातं.

१० नोव्हेंबर, रविवार

दहीभात संपला होता. ठसे एकाच कुत्र्याचे, लहान, आणि शर्टावर केस. खारीच्या रंगाचे. शर्टावर ती झोपली होती.

आता घाई होती. परवा कार्तिकी एकादशी, तेरवा तुळशीची लग्नं सुरू, म्हणजे पुन्हा फटाके. आत्ता एका जागी टिकलेली खारी पुन्हा उधळली तर सगळं पहिल्यापासून.

आई म्हणाली, "मी जाऊन बसते." वय अडुसष्ट, गुडघे दुखतात. पण घरात खारी तिच्याच मागे असते आणि गुरुवारी ती तिथे नव्हती. दुपारी आम्ही तिला जपून वर नेलं, तासभर बसवलं, मी लांब मागे. खारी आली नाही. येताना आई म्हणाली, "दुपारी कधी बसते का मी रिकामी? तिला वाटलं असेल, ही कोण बाई."

११ नोव्हेंबर, सोमवार

पावणेसातला, उजाडल्यावर वर. मावशी आणि त्यांचा मुलगा खालच्या बाजूला वाकून गवत कापत होते, रोजच्यासारखे. मी झाडामागे. आई परातीपासून दहा पावलांवर गोधडी टाकून कपारीकडे पाठ करून बसली. थर्मासमधून चहा ओतला, पिशवीतून खारी काढली, बुडवली, खाल्ली. घरी रोज सकाळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून हेच करते, आणि शेवटचा तुकडा खारीचा असतो.

दोन खाऊन झाल्या. तिसरी काढताना प्लॅस्टिकची पिशवी चुरचुरली, आणि कपारीतून डोकं बाहेर आलं.

पुढची वीस मिनिटं लिहिण्यासारखं काही घडलं नाही. ती चार पावलं येई, बसे, हवेत नाक करी, दोन पावलं मागे जाई. एकदा खाली कुठेतरी प्रचाराच्या रिक्षाचा भोंगा वाजला, मला वाटलं गेली. आईने वळून बघितलं नाही. बोलत मात्र होती, तिच्याशी नव्हे, स्वतःशीच, भाजी काय करायची, गॅस संपत आलाय, असलं. सात वाजून बावीस मिनिटांनी खारीने मागून येऊन आईच्या काखेतून तोंड पुढे घातलं. आईने तुकडा दिला. मग दुसरा. मग उजव्या हाताने खाजवत खाजवत डाव्या हाताने मांडीखालचा फास तिच्या मानेत सरकवला. हे ताईंनी दोनदा करून घेतलं होतं घरी, उशीवर.

मी झाडामागून आलो तर गुरगुरली माझ्यावर. बरोबरच होतं.

जीभ बघितली. डाग होता.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

काल थेट दवाखान्यात नेलं होतं. वजन १४.८ किलो. पंजे सोललेले, अंगभर गोचिड्या, मागच्या मांडीवर चावल्याची जखम. तेव्हा जखम धुऊन रेबीजच्या लशीचा बूस्टर दिला. गोचीड तापासाठी रक्त तपासलं, ठीक आहे, पण पंधरा दिवसांनी पुन्हा बघू म्हणाले, कारण लागण लगेच दिसत नाही. जेवण एकदम भरपूर द्यायचं नाही, थोडं थोडं चार वेळा.

खर्च: काळी-पांढरी पत्रकं ३००, रंगीत ७२०, फसलो ते १०००, पेट्रोल साधारण ९००, कलेजी-तांदूळ-दही ६४०, नवी टॉर्च ४५०, फास आणि छातीवरचा हार्नेस ८५०, दवाखाना २३५०. एकूण ७२१०. पहिल्या तीन दिवसांत गेलेले दोन हजारांवर रुपये शून्य उपयोगाचे. रजा चार दिवस.

बक्षीस वेगळं. पाच हजार मावशींना दिले. "घेते की, का न्हाय घ्यायचं," म्हणाल्या आणि मोजून कनवटीला लावले. पेपरवाल्याने पैसे घेतले नाहीत, कंदी पेढ्यांचा पुडा घेतला. खारी-बटर मागणाऱ्या आजींकडे खारीला घेऊन गेलो. त्यांनी तिला बघून फक्त म्हटलं, "एवढीशीच?"

पोलीस चौकी, दवाखाने, सगळे व्हॉट्सअॅप गट, सगळ्यांना "सापडली" कळवलं. तरी फोन येतातच. काल एकाला ती कोरेगावला दिसली.

२३ नोव्हेंबर, शनिवार, मतमोजणी

आज फटाके वाजणार हे ठरलेलंच होतं, म्हणून कालपासून तयारी. फाटकाला आतून कुलूप. पट्टा आणि हार्नेस दोन्ही अंगावर, बिल्ल्यावर आता दोन फोन नंबर. पहिली फेरी जाहीर व्हायच्या आत तिला लांब फिरवून आणलं. मग न्हाणीत गोधडी, दार बंद, आत पंखा आणि रेडिओ मोठ्याने. आई आत स्टुलावर बसली चहा घेऊन.

साडेअकराला पहिली माळ लागली. तीन वाजता आईने दार किलकिलं करून मला हाक मारली. खारीचा पुडा संपला होता.